काठ दुमडलेले गुलाब

४ तारीख, सोमवार

चि. ———— हिस,

ही रेघ बघून हसू नकोस. तू माहेरी गेलीस की चिठ्ठीवर मी ‘चि. सौ. सूनबाई’ असं लिहायचे. आता ‘सौ.’ लिहावं तर ते कोर्टाने काढून घेतलं, आणि ‘सूनबाई’ही त्याच कागदाबरोबर गेलं. ‘चि.’ तेवढं माझ्या हातात होतं, ते लिहिलं. तुला दीर्घायुष्य चिंतायला मला कोणाची परवानगी लागत नाही. पुढची जागा तू भरून घे.

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवते’ एवढ्यात मला गुंडाळतेस. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

काल तुझ्या मावशी दुकानात आल्या होत्या, गेल्या वर्षीचा ड्रेस सैल करून घ्यायला. मी शिवण उसवत होते आणि त्या स्टुलावर बसून बोलत होत्या. म्हणाल्या, “जरा लवकर द्या हं, पुढच्या महिन्यात पोरीच्या लग्नात घालायचाय.” मी विचारलं, “कुठल्या पोरीच्या?” झालं. बाईंनी जीभ चावली आणि एकदम पंख्याकडे बघायला लागल्या. मग मी कात्री खाली ठेवली आणि नुसती बघत बसले. माझ्या नुसत्या बघण्याला भल्याभल्यांनी तोंड उघडलंय, मावशींचं काय घेऊन बसलीस. तू ज्या बेकरीत काम करतेस तिथल्याच भट्टीवाल्याशी लग्न ठरलंय, माणूस शांत आहे, बोलतो कमी, सगळं कळलं.

तू लग्न करतेस याचा मला राग नाही. आमच्या उद्यारावांबरोबर तू काढलीस तेवढी वर्षं मी तरी काढली नसती. पण मी पडले त्याची आई, मला सोडचिठ्ठीची सोय नाही. (माझ्या मुलाला ‘उद्याराव’ तूच म्हणायला लागलीस, प्रत्येक काम उद्यावर ढकलतो म्हणून. तेव्हा मी तुझ्यावर डोळे वटारले आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसले. आता सांगायला हरकत नाही.) राग आहे तो याचा, की तुझ्या लग्नाची बातमी मला मावशीच्या कमरेतून कळावी. मी तुला इतकी परकी कधी झाले?

तर आता ऐक. तुझ्या लग्नाच्या केकवरची फुलं मी करणार. केक त्या भट्टीवाल्याने भाजू दे, त्याचा तो धंदा आहे. फुलं माझी. विचारत नाहीये, कळवते आहे.

तुझं सामान माळ्यावर तसंच होतं, आज खाली काढलं. ते छोटं लाटणं, पाकळ्यांचे साचे, फुलं वाळवायचे अंड्यांचे ट्रे. सगळं धुऊन पुसून ठेवलंय. तू घरी केकसाठी साखरेचं फाँडंट करायचीस तेव्हा साखर चाळायला मीच बसायचे, तेव्हा मला काही येत नाही असं समजू नकोस.

तुझी,
मी

१२ तारीख, मंगळवार

चि. ———— हिस,

पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. वर मायना नाही, खाली सही नाही, मधे चार ओळी. “तुम्ही त्रास घेऊ नका. आम्ही साधंच करणार आहोत. तिकडची सगळी माणसं अनोळखी आहेत, तुम्हाला अवघड वाटेल. तब्येतीला जपा.”

माझी तब्येत ठणठणीत आहे. आणि अवघड कोणाला वाटेल हे मला कळत नाही असं वाटतंय का तुला? आधीची सासू लग्नात येऊन बसली तर तिकडच्यांना काय सांगायचं, हा तुझा प्रश्न आहे. तो ‘तुम्हाला अवघड वाटेल’ या पाकिटात घालून तू माझ्याकडे धाडलास. आयुष्य लोकांची मापं घेण्यात गेलं माझं. माणूस पोट आत ओढून उभं राहिलं की मला लगेच कळतं.

मी येणार की नाही ते नंतर बघू. फुलं तर होणारच. आणि आजवर काय काय झालं ते सांगते, म्हणजे तुला घरात बसून माझी कीव करता येईल.

पहिला घाणा तुझ्याच पद्धतीने केला. जिलेटिन पाण्यात भिजवलं, गरम पाण्यावर ठेवून विरघळवलं, त्यात ग्लुकोजचा चिकट पाक, ग्लिसरीन, चमचाभर पांढरं वनस्पती तूप. मग चाळलेली साखर थोडी थोडी घालत मळलं. काय सुरेख झालं म्हणून सांगू! मऊ, गुळगुळीत, ओढावं तितकं लांबतंय. मला वाटलं, जिंकलं. गोल पाकळ्या कापल्या, कडेला जरा कुरळ्या केल्या, चमच्यांच्या खोलगट भागात वाळत ठेवल्या. सकाळी बघते तर सगळ्या चमच्यात लोळण घेऊन पडलेल्या. उचलली की लोंबायची. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग डोक्यात आलं, अरे, ही तर पांघरायची साखर. केकवर चादरीसारखी अंथरायला मऊच लागते. फुलाला उभं राहायचं असतं. मलमलीची कॉलर उभी राहील का? आत बक्रम घालावं लागतं. म्हणून मी कॉर्नफ्लोअर घातलं. तरी पडल्याच, म्हणून अजून घातलं. तुला हसू येत असणार. येऊ दे. पाकळ्या उभ्या राहिल्या खऱ्या, पण वाळल्यावर सगळ्यांच्या कडा फुटल्या, थंडीत टाचा फुटतात तशा.

फुटलेल्या पाकळ्या उद्यारावांनी चहाबरोबर खाल्ल्या. “कशाचं काय चाललंय?” विचारत होता. मी म्हटलं, “एका गिऱ्हाइकाचं काम आहे.” “शिवणाचं?” “तसंच समज.” त्याने आणखी एक खाल्ली आणि टीव्ही लावला.

आता खरं विचारते, तू त्यात काय घालायचीस? निळ्या झाकणाची एक डबी असायची तुझ्याकडे, मला हात लावू द्यायची नाहीस. त्यात काय होतं? एवढं लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
मी

२१ तारीख, गुरुवार

चि. ———— हिस,

डबी मिळाली.

नवी कोरी, झाकणाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर तुझं अक्षर. “टायलोज पावडर. पाव किलोला एक छोटा चमचा, सपाट. ग्लिसरीन निम्मं करा. मळून घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा, लगेच वापरू नका. हाताला पीठ नको, तूप लावा.” बस. पार्सलमध्ये दुसरं काही नाही. मी कागदाचा बोळाही उलगडून बघितला, म्हटलं आत कुठे काही लिहिलंय का. नव्हतं. पण झाकण तू तीन वेळा पट्टी फिरवून बंद केलंस, वाटेत सांडू नये म्हणून. एवढी काळजी घेतलेली वस्तू माझ्या दारात आली, मला पुष्कळ झालं.

तुझ्या मापाने केलं. मळताना आधी काहीच फरक कळेना, वाटलं पावडर शिळी आहे. दुसऱ्या दिवशी गुंडाळी सोडली तर हाताला लगेच कळलं. मऊच होतं, पण आता त्याला आतून कणा आला होता. तुकडा ओढला की आधीसारखा लांबत न जाता टचकन तुटतो. एवढं पातळ लाटलं की खालच्या वर्तमानपत्रातली अक्षरं वाचता आली. लाल रंग घातलेल्या गोळ्याला मात्र ते माप पुरेना. रंगाची जेल जास्त लागते, तिने गोळा सैल पडतो. तेव्हा लालला मी चिमूटभर जास्त घातलं. हे तू लिहिलं नव्हतंस, माझं मी शोधलं. आणि लिंबाएवढाच गोळा बाहेर काढायचा, बाकी झाकून ठेवायचं, नाहीतर हवा लागून साय धरते. तेही माझंच.

एवढं सगळं जमलं, आणि तरी गुलाब भलतेच दिसायला लागले. ठोंबे, ओठ सुजल्यासारखे. एकामागून एक केले, सगळे तसेच. मला कारणच सापडेना. शेवटी उद्याराव पाणी प्यायला आले, ट्रेकडे बघितलं आणि म्हणाले, “आई, हे गुलाब आहेत की उशांचे अभ्रे?”

बघते तर काय! मी प्रत्येक पाकळी कापताना साच्याच्या बाहेर अर्धं बोट जागा सोडत होते, आणि मग तो काठ आत दुमडून बोटाने दाबत होते. इतकी वर्षं हाताला सवय. कापडाची कड उघडी टाकली तर धागे निघतात, म्हणून हात आपोआप दुमडतात, मला पत्ताच नाही. सगळ्या पाकळ्यांना मी इमानेइतबारे शिवणीची माया ठेवली होती! एकटीच इतकी हसले की खोकला आला. तुला आठवतं, तू नवी असताना मी तुला म्हटलं होतं, “तुझ्या ड्रेसला आतून दोन बोटं माया ठेवलीय,” आणि तू भांबावून विचारलंस, “आतून का? बाहेरून का नाही?” सबंध दुकान हसलं होतं.

आता नवीन शिकतेय. कड उघडीच ठेवायची, उलट आणखी पातळ करायची. पाकळी स्पंजवर ठेवून टोकाला गोळी असलेली काडी कडेकडेने फिरवायची, गोळी अर्धी पाकळीवर, अर्धी स्पंजवर. सुरुवातीला जीव घाबरा होतो. कड अशी उघडी टाकून द्यायची म्हणजे मला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. पण आज सकाळी एक फूल झालं. खरंच झालं. खिडकीत धरलं तर पाकळ्यांतून उजेड दिसत होता.

ते तुला पाठवणार नाही. वाटेत मोडेल. बघायचं असेल तर काय करायचं ते तुला माहीत आहे.

तुझी,
मी

२७ तारीख, बुधवार

चि. ———— हिस,

आज अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. तब्येतीचं काही नाही. घरात भांडण झालं.

उद्यारावांना कळलं. मावशी ड्रेस न्यायला आल्या तेव्हा हा नेमका दुकानात होता. मावशींचं पोट तुला माहीत आहे, ते ड्रेसमध्ये मावत नाही आणि त्यात गोष्ट मावत नाही. त्याने तिथे काही दाखवलं नाही. घरी आला, फुलांच्या ट्रेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हे गिऱ्हाईक होय?”

मी म्हटलं, “हो.”

“तिचं लग्न.”

“हो.”

“आणि तू फुलं करतेस.”

मी लाटत होते, लाटत राहिले. गोळा बाहेर होता, वाळला असता. तर त्याचा आवाज चढला. म्हणाला, “तू माझी आई आहेस की तिची?”

तुला खरं सांगते, हे ऐकून मला दोन्हीकडून लागलं. तो काही वाईट नाही. तुलाही ते माहीत आहे, नाहीतर इतकी वर्षं राहिली नसतीस. तो उभा होता तेव्हा मला तो दिवस आठवला, ज्या दिवशी तुझा ऑर्डरचा तीन मजली केक आपल्या टेबलावर तसाच राहिला. गाडी घेऊन येतो म्हणाला आणि आला तो अंधार पडल्यावर. तू केकसमोर खुर्ची घेऊन बसली होतीस, रडतही नव्हतीस. तेव्हाच मला कळलं होतं की ही आता जाणार. त्यानंतर तू जे दिवस राहिलीस ते फक्त सामान आवरायला.

मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, “तुझीच आई आहे. म्हणूनच मला जायला हवं. या घरात तिचं जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. तू तर जाणार नाहीस, मग मी जाते.”

त्याने ट्रेमधली एक कळी उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, “लोक काय म्हणतील?”

मी म्हटलं, “काय म्हणायचं ते ठरवायला त्यांना वेळ लागेल. तोवर मी परत आलेली असेन.”

जेवायला बसला नाही. ताट झाकून ठेवलंय. मला वाईट वाटतंय, पण पाऊल मागे घेणार नाही. ज्या घरातून तू गेलीस त्या घरातलं कोणीतरी तुला हसत निरोप द्यायला यायला हवं. नाहीतर आपण एकत्र काढलेल्या वर्षांना अर्थच काय? ती वर्षं त्याची आणि तुझी होती, तशी माझी आणि तुझीही होती. कोर्टाने माझं काही विचारलं नाही.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

तुझी,
मी

३ तारीख, मंगळवार

चि. ———— हिस,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. “फुलं एवढ्या लांब बसने कशी येणार? कुरिअरने अजिबात पाठवू नका, मोडतील. मांडीवर घेऊनच आणावी लागतात. शनिवारी अकरा वाजता, बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये.” मी कार्ड चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे वाचलं. मांडीवर घ्यायची म्हणजे कोणाच्या तरी मांडीवर. याचा अर्थ मी ‘या’ असा लावते. चुकत असेल तर कळव. काही कळवलं नाहीस तर मी निघाले.

आता पुढचं ऐक, आणि बसून ऐक.

रविवारी फुलं पुरी झाली होती. मोठे गुलाब, अर्धे उमललेले, कळ्या, पानं, सगळं तारांवर लावून, फोममध्ये खोचून टेबलावर उभं केलं होतं. मी दुकानात गेले. दुपारी आले तर टेबल रिकामं. मला वाटलं, रागाने टाकून दिली.

उद्याराव आतून आले, चेहऱ्यावर चक्क हसू. “आई, मुंग्या लागल्या होत्या टेबलाला. मी लगेच सगळी उचलून फ्रीजमध्ये ठेवली.”

लगेच! जन्मात पहिल्यांदा या माणसाने एक काम उद्यावर ढकललं नाही, आणि ते नेमकं हे. फ्रीज उघडला. आत गेली तेव्हा ठीक असणार, पण बाहेर काढल्यावर फुलांना घाम फुटला. बघता बघता पाकळ्या चकाकायला लागल्या, मग चिकट झाल्या, मग एकेक मान टाकायला लागली. लाल रंग ओघळून देठावर आला. मी पंखा लावला, तर वाऱ्याने चिकटलेल्या पाकळ्या आणखीच ओढल्या गेल्या.

मी ओरडले नाही. त्याचा चेहरा बघून ओरडताच येईना. त्याला कळलं होतं. म्हणाला, “मला खरंच वाटलं की वाचतील.” मी म्हटलं, “मला माहीत आहे.” मग दोघं टेबलाशी बसलो. पांढरी होती ती बरीचशी सुकून सावरली, जरा वाकडी झाली पण उभी राहिली. लाल सगळी गेली. कळ्या थोड्या वाचल्या.

मी उठले आणि साखर चाळायला घेतली. तो म्हणाला, “पुन्हा करणार? वेळ कुठे आहे?” मी म्हटलं, “पाकळ्या कमी करीन, पातळ करीन, लवकर वाळतील. तार तरी कापून दे.” त्याने तार कापून दिली. मग विचारलं, “हिला हिरवी पट्टी कशी गुंडाळायची?” दाखवलं. चांगली गुंडाळली गं, माझ्यापेक्षा घट्ट. त्याचा हात पहिल्यापासून चांगला आहे, बूड स्थिर नाही एवढंच. सगळ्या तारा झाल्यावरच उठला. तुझं नाव दोघांनीही काढलं नाही.

या वेळी लालमध्ये ग्लिसरीनचा थेंबही घातला नाही आणि पावडर अंदाजाने वाढवली. गोळा इतका लवकर आवळतो की पाकळी कापून तिची कड पातळ करेपर्यंत बोटं पळवावी लागतात, रेंगाळलं की चीर गेलीच. पण सकाळी वाळून खडखडीत. एकमेकांवर आपटल्या की बशीसारखा आवाज येतो. हवा दमट आहे म्हणून तांदळाच्या पुरचुंड्या करून त्याही खोक्यात घातल्यात, ओल ओढून घ्यायला.

तुझं खोकं शिवणाच्या मशीनवर आहे. त्या जागेला घरात कोणी हात लावत नाही.

शनिवारी भेटू.

मी

९ तारीख, सोमवार

चि. सौ. ——— हिस,

‘सौ.’ परत लिहिताना पेन जरा थांबलं, मग लिहून टाकलं. चांगलं दिसतंय.

सुखरूप पोचले. खोकं परत आणलं नाही, तिकडेच कुठे असेल ते टाकून दे. येताना मांडी मोकळी होती, तर सगळ्या वाटेत काय करावं कळेना. जाताना खोक्यामुळे खिडकीतून बाहेरही बघितलं नव्हतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “बाळ आहे का आत?” मी म्हटलं, “जवळजवळ.”

उद्याराव स्टँडवर सोडायला आला होता, खोकं त्यानेच धरलं होतं. बस लागल्यावर मी विचारलं, “तिला काही सांगू?” त्याने खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “बघू. उद्या फोन करतो तिला.” केला नसणार. पण विचार आला होता एवढं तुला माहीत असावं.

तू दारात मला बघितलंस आणि पहिलं काय विचारलंस? “जेवलात का?” मी उत्तर द्यायच्या आधीच आपण खोकं उघडायला घेतलं. ते बरं झालं. तुझा भट्टीवाला शेजारी येऊन उभा राहिला, एवढे मोठे हात मागे बांधून. फूल केकवर बसवेपर्यंत त्याने श्वास धरून ठेवला होता. शेवटचं बसलं तेव्हा एकदम सोडला आणि हळूच विचारलं, “पांढरी थोडी कललीत, तशीच करायची होती का?” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “वाटलंच. खरी वाटतात.” माणूस चांगला आहे. माझ्याकडून पसंत.

आता तुला माहीत नाही ते सांगते. तुम्ही दोघं आणि साक्षीदार शेजारच्या खोलीत रजिस्टरवर सही करायला गेलात, आम्ही बाकीचे बाहेर खुर्च्यांवर. मी कोपऱ्यातली एक धरली होती. त्याची आत्या आली, हातात सरबताचा पेला, आणि गोड हसून म्हणाली, “तुम्ही कोणाकडच्या?”

मी सगळ्या वाटेत उत्तर घोकून आले होते. ‘फुलं करणारी’ असं सांगायचं. खोटं नाही, कोणाला अवघडही नाही. पण तोंड उघडलं आणि निघालं, “मुलीकडची.”

“हो का! मुलीच्या कोण?”

आता आली का पंचाईत? काकू म्हणावं, मावशी म्हणावं, पण मावशी तो सैल केलेला ड्रेस घालून समोरच बसल्या होत्या, कान टवकारून. आणि मला एकदम इतका राग आला. कोणाचा ते विचारू नकोस. मी का म्हणून दुसऱ्या कोणाचं नातं उसनं घेऊ? माझं स्वतःचं आहे की.

मी म्हटलं, “सासू.”

बाईंच्या पेल्यातलं सरबत हललं. आत्याने माझ्याकडे बघितलं, मग पलीकडे बसलेल्या आपल्या वहिनीकडे, नवऱ्यामुलाच्या आईकडे बोट केलं. म्हणाली, “अहो, सासू तर या!”

“त्या आजपासून,” मी म्हटलं. “मी आधीपासून.”

कोणी हसेना. मावशींनी डोळेच मिटून घेतले. मला वाटलं, झालं, पोरीचं लग्न मी सरबताच्या पेल्यात बुडवलं. मी उठून बाहेर जायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या बाईंनी, तुझ्या नव्या सासूबाईंनी, शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि खुर्चीवर हात थोपटला. म्हणाल्या, “मग तिथे लांब काय बसलात? इकडे या. ही मुलगी बोलत काहीच नाही, मला घोर लागलाय. हिला राग आलेला कसा ओळखायचा ते आधी सांगा.”

मी जाऊन बसले. म्हटलं, “भांडी घासायला घेते. स्वच्छ असलेलीसुद्धा.” त्या म्हणाल्या, “अगोबाई, परवाच बेकरीतली घेतली होती!” आणि आम्ही दोघी हसायला लागलो. थांबायचं नावच नाही.

नेमकी तेव्हाच तू सही करून बाहेर आलीस. आम्हाला खांद्याला खांदा लावून बसलेलं बघितलंस आणि दारातच थबकलीस. चेहरा पांढरा पडला तुझा, मी पाहिलं.

घाबरलीस ना? घाबरायलाच हवं. आता दोन आहेत.

तुझी,
थोरली सासू